घरखर्चाची स्वयंचलित कीर्द

ऑगस्ट २०२५ मध्ये देशात यूपीआयवरून एका महिन्यात दोन हजार कोटींहून अधिक व्यवहार झाले. हा आकडा अभिमानाने सांगितला जातो आणि तो तसा सांगण्यासारखाच आहे. घरखर्चाचा हिशेब ठेवणाऱ्याला मात्र त्याची दुसरी बाजू रोज दिसते. पूर्वी एटीएममधून दोन हजार काढले की पासबुकात एक ओळ पडायची. आता त्याच दोन हजारांच्या कितीतरी ओळी पडतात. वडापाव, रिक्षा, कोथिंबिरीची जुडी, झेरॉक्स, प्रत्येकाची तारीख, वेळ आणि बारा आकडी संदर्भ क्रमांक. इतकी बारीक नोंद यापूर्वी कधी होत नव्हती, तरी महिनाअखेरीस पैसे गेले कुठे हा प्रश्न जिथल्या तिथेच आहे. वही लिहिणारा माणूस एवढ्या ओळींपुढे थकतो. म्हणून हे काम यंत्राकडे सोपवण्याचे नाना मार्ग गेल्या काही वर्षांत रुळले. कुणी तयार मोबाइल ॲप घेतो, कुणी स्प्रेडशीटमागे छोटी स्क्रिप्ट चालवतो, कुणी एका सेवेतली माहिती दुसरीत नेणारी साधने जोडतो, तर कुणी साध्या मजकुराच्या फाइलीत खतावणी ठेवतो. या सगळ्या मार्गांकडे एकत्र पाहिल्यावर माझे एक मत पक्के झाले आहे. कोड लिहिणे हा यातला सोपा भाग. आपल्याच खात्यातली नोंद यंत्राला वाचता येईल अशा रूपात, कुणा मध्यस्थाविना आपल्या हाती येणे, हा खरा अवघड भाग. आज जी काही हुशारी चालते ती बहुतेक या एका अडचणीला वळसा घालण्यासाठी चालते.

आपल्याकडे या कामाचा सर्वांत जुना कच्चा माल म्हणजे बँकेचा एसएमएस. रिझर्व्ह बँकेने २०११ मध्ये कार्डावरच्या प्रत्येक व्यवहाराची, रक्कम कितीही असो, ग्राहकाला सूचना देण्यास बँकांना सांगितले. जुलै २०१७ च्या परिपत्रकाने इलेक्ट्रॉनिक व्यवहारांसाठी एसएमएस सूचनेची नोंदणी सक्तीची केली. हेतू फसवणूक लवकर कळावी हा होता, हिशेबाची सोय ओघाने झाली. पुढे दूरसंचार नियामक ट्रायच्या २०१८ च्या नियमांनुसार व्यावसायिक संदेश पाठवणाऱ्याचे नाव आणि संदेशाचा साचा दोन्ही आधी नोंदवावे लागू लागले. स्क्रिप्ट लिहिणाऱ्याला याचा मोठा फायदा आहे. एका बँकेच्या खर्चाच्या संदेशात शब्द तेच राहतात. बदलतात फक्त रक्कम, खात्याचे शेवटचे आकडे, तारीख, समोरच्याचे नाव आणि संदर्भ क्रमांक. रेग्युलर एक्स्प्रेशनच्या एका ओळीत हे पाचही तपशील वेगळे काढता येतात. म्हणूनच नवशिक्या प्रोग्रामरचा घरचा पहिला प्रकल्प बऱ्याचदा हाच असतो.

पण साचे प्रत्येक बँकेचे निराळे, आणि त्यांत खाचखळगे भरपूर. काही बँका खर्चाच्या एकाच संदेशात ‘डेबिटेड’ आणि ‘क्रेडिटेड’ हे दोन्ही शब्द वापरतात. आपल्या खात्यातून गेले आणि दुकानदाराच्या खात्यात जमा झाले, असा तो मजकूर. फक्त ‘क्रेडिटेड’ शोधणारी स्क्रिप्ट किराण्याचा खर्च उत्पन्नात टाकून मोकळी होते. दुसरा खळगा आपोआप वळत्या होणाऱ्या रकमांचा. अशी रक्कम जाण्याच्या चोवीस तास आधी ग्राहकाला कळवावे असा नियम आहे, त्यामुळे ‘उद्या इतके जातील’ हा एक संदेश आणि ‘गेले’ हा दुसरा. दोन्ही मोजले की विम्याचा हप्ता दुप्पट दिसतो. फसलेला व्यवहार, परत आलेले पैसे, क्रेडिट कार्डाचे बिल तयार झाल्याची आठवण, या सगळ्यांत रुपयाचा आकडा असतो आणि यातले काहीच खर्च नसते. पहिल्या दिवशी चालणारी स्क्रिप्ट लिहायला संध्याकाळ पुरते, विश्वास ठेवता येईल अशी घडायला कित्येक महिने लागतात, ते याच कारणाने.

शिवाय हा कच्चा माल आता आटत चालला आहे. एचडीएफसी बँकेने जून २०२४ पासून यूपीआयने गेलेल्या शंभर रुपयांखालच्या आणि आलेल्या पाचशेखालच्या रकमांचे एसएमएस बंद केले, ईमेल मात्र चालू ठेवला. छोट्या रकमांसाठीच्या यूपीआय लाइटचे तर गणितच वेगळे. त्यात बँकेच्या उताऱ्यावर एकच ओळ उमटते, ती लाइटमध्ये पैसे भरल्याची. पुढचे छोटे खर्च उताऱ्यात येतच नाहीत. सर्व्हरवरचा ताण कमी व्हावा म्हणून केलेली ही रचना तिच्या जागी योग्य आहे. पण ज्या चहा-रिक्षाच्या खर्चाचा पत्ता लागावा म्हणून सगळी यातायात, तोच खर्च तिच्यामुळे पुन्हा झाकला जातो. ज्यांना बारीक हिशेब हवा आहे त्यांनी लाइट बंद ठेवावे, असा माझा सरळ सल्ला आहे.

तयार ॲपची वाट पुष्कळांनी धरली आणि तिचा अनुभव विचार करायला लावणारा आहे. वॉलनटसारखी ॲप फोनमधले एसएमएस वाचून खर्चाचे तक्ते काढून देत. ती फुकट होती आणि चांगली होती. २०१८ मध्ये वॉलनट कॅपिटल फ्लोट या कर्ज देणाऱ्या कंपनीने विकत घेतले. हिशेबाच्या ॲपमध्ये सावकाराला रस का, हे उघड आहे. पगार कधी येतो, महिन्याच्या शेवटी किती उरते, हप्ता चुकतो का, हे ज्याला दिसते त्याला कर्ज कुणाला द्यायचे तेही दिसते. अमेरिकेत मिंटची गोष्ट याहून मोठी. २००७ मध्ये सुरू झालेली ही सेवा २००९ मध्ये इन्ट्युइटने सुमारे १७ कोटी डॉलरना घेतली, लाखो घरांनी वर्षानुवर्षांचा हिशेब तिच्यात ठेवला, आणि मार्च २०२४ मध्ये ती बंद झाली. लोकांना आपल्या नोंदी फाइलीत उतरवून घेता आल्या, पण लावलेली घडी मोडलीच. फुकटच्या सेवेत हिशेब ठेवणाऱ्याने पहिल्या दिवशी एवढेच तपासावे, की सगळ्या नोंदी साध्या फाइलीत बाहेर काढता येतात का. येत नसतील तर ते ॲप कितीही देखणे असो, त्यात घरचा हिशेब ठेवू नये.

ॲपवर अवलंबून राहायचे नसेल तर आपणच जोडणी करायची. सर्वांत सुटसुटीत जोडणी ईमेलवरून होते. बँकेची सूचना जीमेलमध्ये येते, तिला एक लेबल लागते, गूगल शीट्सच्या मागे लिहिलेली ॲप्स स्क्रिप्ट ठरावीक वेळाने ते लेबल चाळते आणि प्रत्येक पत्रातून एक ओळ शीटमध्ये भरते. संगणक चालू ठेवावा लागत नाही, पैसे पडत नाहीत. एका वेळी सहा मिनिटांपेक्षा जास्त चालता येत नाही ही मर्यादा आहे, पण घरखर्चाला ती आड येत नाही. हेच काम बाहेरून पायथनने करू गेल्यास गूगलच्या परवानगीचा फेरा लागतो. चाचणीच्या अवस्थेतल्या खासगी ॲपची परवानगी सात दिवसांत संपते आणि आठव्या दिवशी हिशेब मुकाट्याने थांबतो. झॅपिअर, मेक किंवा स्वतःच्या संगणकावर बसवता येणारे एन८एन ही साधने चौकोन जोडून असा प्रवाह उभा करू देतात. कोड न येणाऱ्याला त्यांचा आधार वाटतो. मात्र झॅपिअर किंवा मेकसारख्या परक्या सेवेतून बँकेची पत्रे वाहून नेणे म्हणजे आपल्या घरातला पैशाचा सगळा पट आणखी एका कंपनीसमोर उलगडणे. स्वतःच्या यंत्रावर चालणारे साधन म्हणूनच बरे.

एसएमएस पुढे पाठवणाऱ्या जोडणीबद्दल मात्र मी कळकळीने सांगेन. अँड्रॉइडवर टास्करसारखे साधन आलेला संदेश दुसऱ्या पत्त्यावर ढकलू शकते. गाळणी न लावता हे केले की ओटीपीसुद्धा त्याच वाटेने बाहेर पडतो, आणि ओटीपी चोरणारी घातक ॲप नेमके हेच करतात. पाठवणाऱ्याचे नाव आणि मजकुराचा साचा दोन्ही जुळले तरच संदेश पुढे जाईल अशी अट घालावी. स्क्रिप्टला नेटबँकिंगचा पासवर्ड देऊन लॉगिन करायला लावणे तर पूर्ण टाळावे. २०१७ च्या त्याच परिपत्रकानुसार ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे, म्हणजे गुप्त माहिती दुसऱ्याला दिल्यामुळे नुकसान झाले, तर बँकेला कळवेपर्यंतचा सगळा तोटा ग्राहकाचा. उलट बाहेरच्या कुणी फसवले आणि चूक आपलीही नाही, बँकेचीही नाही, अशा वेळी तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले तर ग्राहकावर काहीच जबाबदारी येत नाही. अनोळखी नावावर गेलेली रक्कम त्याच रात्री लाल रंगात दाखवणारी स्क्रिप्ट या तीन दिवसांसाठी फार मोलाची आहे. माझ्या दृष्टीने स्वयंचलित हिशेबाचा पहिला लाभ हाच, बचत त्यानंतर.

आता अकाउंट ॲग्रिगेटरकडे वळू, कारण कागदावर तरी उत्तर इथे असायला हवे होते. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१६ मध्ये याचे निर्देश काढले आणि सप्टेंबर २०२१ मध्ये आठ बँकांसह ही व्यवस्था प्रत्यक्ष सुरू झाली. ग्राहकाच्या संमतीने एका संस्थेकडची आर्थिक माहिती दुसऱ्या संस्थेला पोचवणारा हा परवानाधारक मध्यस्थ. माहिती कुलूपबंद जाते, मध्यस्थाला ती उघडता येत नाही की साठवता येत नाही. संमती कशासाठी, किती काळ, किती वेळा, हे सगळे स्पष्ट लिहिलेले असते आणि ती मागेही घेता येते. संमतीच्या ठरावीक उद्देशांच्या यादीत खर्चाचा कल आणि अंदाजपत्रक हाही उद्देश आहे. रचना म्हणून ही जगातल्या चांगल्या रचनांपैकी एक आहे असे मी मानतो. पण माहिती घेणारा कोण असू शकतो, तर रिझर्व्ह बँक, सेबी, विमा किंवा पेन्शन नियामकाच्या नियंत्रणाखालची संस्था. खातेदार स्वतः त्या यादीत नाही. मी माझी माहिती कर्ज देणाऱ्या कंपनीला चार मिनिटांत देऊ शकतो. माझ्या घरातल्या संगणकाला देऊ शकत नाही. युरोपातही बँकेची दारे उघडणाऱ्या कायद्याने ती परवानाधारक सेवांनाच उघडली, पण तिथल्या काही सेवांनी सामान्य माणसाच्या स्वतःच्या साधनांनाही जोडणी दिली. फायरफ्लाय थ्री किंवा ॲक्चुअल ही हिशेबाची मुक्त साधने वापरणाऱ्यांनी तिचा लाभ घेतला. आपल्याकडे एवढी फटही नाही.

मग उरतो तो महिन्याचा उतारा. पीडीएफ, तिला जन्मतारीख आणि नावाची अक्षरे मिळून झालेला पासवर्ड, आत तीन ओळींवर पसरलेले तपशील. काही बँकांची एक्सेल म्हणून दिलेली फाइल उघडून पाहिली तर आत वेबपानाचा मजकूर किंवा टॅबने तोडलेल्या ओळी असतात. पायथनमधली पीडीएफप्लंबर किंवा कॅमेलॉट ही साधने तक्ता उचलून देतात. लाखाच्या जागी येणारा आपला स्वल्पविराम आणि आधी दिवस मग महिना ही तारखेची पद्धत हाताने सांगावी लागते, नाहीतर ५ मार्च ३ मे होऊन बसतो. हे सगळे कंटाळवाणे आहे. तरीही निवड करायची वेळ आली तर मी उताऱ्याचीच बाजू घेईन. एसएमएस हुकतो, ईमेल स्पॅममध्ये जातो, उताऱ्यात मात्र खात्याला शिवलेली प्रत्येक ओळ आणि तिच्यापुढे शिल्लक असते. सूचना रोजच्या नजरेसाठी ठेवाव्यात आणि पक्की नोंद उताऱ्यावरून करावी. एकच व्यवहार दोन-तीन वाटांनी आला तर यूपीआयचा संदर्भ क्रमांक जुळवून जास्तीच्या नोंदी गाळता येतात.

पक्की नोंद म्हटले की हिशेबाची पद्धत आली, आणि इथे बहुतेक घरगुती शीट कोलमडतात. क्रेडिट कार्डाने घेतलेला मिक्सर हा खर्च, आणि पुढच्या महिन्यात भरलेले कार्डाचे बिलही खर्च, असे लिहिले की तोच मिक्सर दोनदा विकत घेतला जातो. बचत खात्यातून मुदत ठेवीत गेलेले पैसे, मित्राला उसने दिलेले, भिशीचा हप्ता, हे खर्च नव्हेत. पैसा एका खात्यातून निघून दुसऱ्यात गेला एवढेच. प्रत्येक नोंदीला जमा आणि नावे अशा दोन बाजू दिल्या की हा गुंता आपोआप सुटतो. पेढीवरच्या मुनिमाला हे कुणी समजावून सांगावे लागत नसे. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडीतल्या रोजकीर्दींचे रुमालच्या रुमाल आहेत, आणि रोजच्या रोज नोंद घालायची ती शिस्त संगणकातही तितकीच लागते. जॉन विगलीने २००३ मध्ये लिहिलेला लेजर, त्याच वाटेवर सायमन मायकेलने सुरू केलेला एचलेजर आणि मार्टिन ब्लेचा बीनकाउंट हे कार्यक्रम साध्या मजकुराच्या फाइलीवर द्विनोंदी हिशेब चालवतात. फाइल कुठल्याही संगणकावर उघडते, कंपनी बुडाली तरी राहते, आणि कोणती ओळ कधी बदलली तेही जपून ठेवता येते. ‘पैसा’ नावाचे मुक्त साधन लेजरवर उभे आहे आणि आपल्या म्युच्युअल फंडांची, एनपीएसची किंमतही त्यात धरता येते. या कार्यक्रमांतली मला सर्वांत प्रिय सोय शिल्लक बजावून सांगण्याची आहे. १ तारखेला खात्यात इतकेच असले पाहिजेत असे लिहून ठेवायचे. एका पैशाचाही फरक पडला तर कार्यक्रम पुढे जायला नकार देतो. स्वयंचलित हिशेबात हा नकार हवाच, कारण चुकीची नोंद भरणारी स्क्रिप्ट आपल्याला हाक मारून सांगत नाही.

खर्चाचे वर्गीकरण हा सर्वांत चर्चेतला भाग, पण त्याच्यावर मी कमी वेळ घालवीन. नियमांची एक छोटी यादी, कोणता यूपीआय पत्ता कोणत्या सदरात, एवढ्याने बराच भाग उलगडतो, कारण घराची दुकाने ठरलेली असतात. अडचण आपल्याकडे एवढीच की भाजीवाल्याचा क्यूआर त्याच्या मुलाच्या नावाचा असतो, आणि उताऱ्यात ते नाव मित्राला दिलेल्या पैशांसारखेच दिसते. नाव सोडून पत्त्यावर नियम लावला की ही चूक टळते. बीनकाउंटसाठी जुन्या नोंदींवरून शिकून नवे सदर सुचवणारे साधन आहे. अलीकडे मोठ्या भाषा-मॉडेलांकडेही हे काम देतात आणि ती सुचवतातही छान, पण तीच ओळ पुन्हा दिली तर सदर बदलू शकते. सुचवणे मॉडेलने करावे, बेरीज आणि रक्कम वाचणे कधीही त्याच्यावर सोपवू नये.

रोखीचा खर्च कोणतीही बँक सांगणार नाही. कामाच्या मावशींचा पगार, आठवडी बाजार, देवळातली पेटी, लग्नाचा आहेर. यासाठी टेलिग्रामचा छोटा बॉट फार उपयोगी पडतो. ‘भाजी ८०’ असे लिहून पाठवले की नोंद पडते. घरातले सगळे मराठीत लिहिणार हे धरून चालावे. पायथनला देवनागरी आकडे मुळातच कळतात, ‘८०’ या अक्षरांची संख्या ते कसलीही जास्तीची ओळ न लिहिता करते. जावास्क्रिप्टमध्ये, म्हणजे ॲप्स स्क्रिप्टमध्येही, आकडे शोधण्याची नेहमीची खूण फक्त इंग्रजी आकडे ओळखते आणि आईने मराठी कळफलकावरून पाठवलेली नोंद गळून जाते. दहा आकडे बदलणारी एक ओळ आधी लिहिली की घरातल्या वडीलधाऱ्यांना कळफलक बदलायला सांगावे लागत नाही.

जवळजवळ सगळी ॲप महिना हे माप धरून चालतात, आणि ते पगारदाराचे माप आहे. ज्या घराचे उत्पन्न उसाच्या बिलावर आहे तिथे ते निरर्थक ठरते. ऊस गाळपाला गेल्यावर चौदा दिवसांत रास्त दर द्यावा असे १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो, प्रत्यक्षात पैसे अनेकदा हप्त्यांनी येतात. अशा घराला हंगामाचे अंदाजपत्रक हवे, खत आणि मजुरी खर्चात वेगळी हवी, सोसायटीचे कर्ज खात्यात दिसायला हवे. मजकुराच्या खतावणीत कालखंड आपण ठरवतो, म्हणून शेतकऱ्याच्या घराला ती ॲपपेक्षा जास्त जुळते. पण तिला मराठी तोंडवळा देणारे काम अजून झालेले नाही. मराठी प्रोग्रामरांनी हाती घ्यावे असे हे काम आहे.

यंत्राने सगळे लिहिले तर खर्चाची जाणीवच जाईल, असा एक जुना आक्षेप आहे. जपानमध्ये मोतोको हानी यांनी १९०४ मध्ये रूढ केलेली काकेइबो ही घरखर्चाची वही आजही हाताने लिहिण्यावर भर देते, आणि लिहिताना हात थबकतो हे खरे आहे. या आक्षेपाशी मी अर्धा सहमत आहे. नोंद यंत्राने करावी, मंजुरी माणसाने द्यावी. आठवड्यातून एकदा नवरा-बायकोने एकत्र बसून सदर न लागलेल्या ओळी पाहाव्यात, जोडणी करताना एवढी जागा मुद्दाम मोकळी ठेवावी. पूर्ण स्वयंचलित आणि कुणीही न पाहिलेला हिशेब मी अपुराच समजतो.

राहता राहिला हक्काचा प्रश्न. २०१९ च्या विदा संरक्षण विधेयकात आपली माहिती यंत्राला वाचता येईल अशा रूपात मिळवण्याचा हक्क होता. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्यात तो उरला नाही, माहितीचा सारांश मागण्याचा हक्क तेवढा राहिला. तांत्रिक अडचण पुढे करायला फारशी जागा नाही. म्युच्युअल फंडांची ॲम्फी ही संघटना देशातल्या फंड योजनांचे निव्वळ मूल्य रोज एका साध्या मजकुराच्या फाइलीत, अर्धविरामाने तोडलेल्या ओळींत, सर्वांसाठी खुले ठेवते. शाळकरी मुलाची स्क्रिप्टही ती वाचू शकते. बचत खात्याच्या उताऱ्याला तारीख, रक्कम, दिशा, संदर्भ क्रमांक, समोरचा पत्ता आणि शिल्लक एवढे सहा रकाने सर्व बँकांत एकाच क्रमाने पुरतील. आणि ॲग्रिगेटरच्या चौकटीत माहिती घेणारा म्हणून खातेदाराला स्वतःच्या खात्यापुरती जागा देणे रिझर्व्ह बँकेच्या एका दुरुस्तीने होऊ शकते. ग्राहक संघटनांनी आणि मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांनी ही दुरुस्ती एकत्रपणे मागावी.